प्रॉक्समॉक्स आणि त्याचा बॅकअप सर्व्हर : बडोद्याच्या एका औषधपेढीतला अनुभव

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. दोन-तीन म्हातारे सर्व्हर आहेत, चाळीसेक कॉम्प्युटर आहेत आणि बिलिंग थांबलं की गाड्या दारात उभ्या राहतात, अशा मध्यम पेढीसाठी प्रॉक्समॉक्स व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एका यंत्रात अनेक आभासी सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर) आणि त्याच्या जोडीचा, त्या सर्व्हरांच्या प्रती ठेवणारा प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर ही जोडी मला आज सगळ्यात भरवशाची वाटते. अट एकच. हे मनापासून सांभाळणारं एक तरी माणूस पेढीत किंवा हाकेच्या अंतरावर हवं. तसं कोणी नसेल तर पुढचं वाचू नका, सरळ भाड्याची सेवा घ्या.

आमची पेढी कारेलीबागेत. औषधांचा घाऊक व्यापार. शहरातली आणि पादरा, डभोई, सावली, वाघोडिया इथली मेडिकल दुकानं आमची गिऱ्हाइकं. शेठ गुजराती, हिशेबाच्या खोलीत निम्मे आम्ही मराठी. हिशेब आणि कॉम्प्युटर ही दोन्ही खाती माझ्याकडे आहेत. सकाळी अकराच्या आत ऑर्डरी चढवायच्या, बॅच आणि एक्सपायरी बघून माल काढायचा, इन्शुलिन फ्रिजमधून शेवटी काढून बर्फाच्या पेटीत घालायचं आणि दुपारी गाड्या सोडायच्या. उलाढाल ५ कोटींच्या वर असली की १ ऑगस्ट २०२३पासून दुकानदाराच्या प्रत्येक बिलाला ई-इनव्हॉइसचा आयआरएन, म्हणजे बिलाचा सरकारी नोंदणी क्रमांक, लागतो. त्यामुळे हाताने बिल फाडून माल पाठवायची जुनी सोय आता उरलेली नाही. सर्व्हर बंद म्हणजे डिस्पॅच बंद.

जुनी मांडणी तीन टॉवर सर्व्हरांची होती. एकावर विंडोज सर्व्हर २००८ आर२ आणि एसक्यूएल सर्व्हर २००८ आर२, त्यावर बिलिंगचं सॉफ्टवेअर. दुसऱ्यावर २०१२ आर२, डोमेन (सगळ्यांचं लॉगिन सांभाळणारं) आणि फाइल शेअर. तिसऱ्यावर टॅली. मायक्रोसॉफ्टने एसक्यूएल २००८ आर२चा सपोर्ट ९ जुलै २०१९ला संपवला, विंडोज २००८ आर२चा १४ जानेवारी २०२०ला आणि २०१२ आर२चा १० ऑक्टोबर २०२३ला. म्हणजे तिन्हीतलं एकही यंत्र सुरक्षित म्हणावं असं उरलं नव्हतं. त्यात रेड कार्डाची (अनेक डिस्का एकत्र चालवणाऱ्या कार्डाची) बॅटरी फुगलेली. बॅटरी गेली की कार्ड राइट कॅश (लिहायचं ते आधी धरून ठेवणारी तात्पुरती मेमरी) बंद करतं आणि प्रत्येक नोंद डिस्कवर उतरेपर्यंत थांबतं. संध्याकाळी पाच-सहा जण एकदम बिलं करायला बसले की स्क्रीन अडकायची ती याच कारणाने. बदलीची ३०० जीबीची सॅस डिस्क मिळायची ती जुन्या यंत्रातून काढलेलीच.

मग २०२४चा ऑगस्ट आला. जन्माष्टमीच्या दिवशी सुरू झालेला पाऊस, आजवा सरोवर भरलेलं आणि विश्वामित्री धोक्याची २५ फुटांची खूण ओलांडून ३५च्याही वर गेली. २०१९च्या ३१ जुलैला एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस झाला होता तेव्हाही पाणी बघितलं होतं, पण या खेपेला ते आमच्या तळमजल्याच्या ऑफिसात शिरलं आणि तिथेच मुक्कामाला राहिलं. गोडाऊनच्या मुलांनी बिलिंगचा सर्व्हर उचलून माळ्यावर नेला. फाइल सर्व्हर गेला. त्याचा बॅकअप ज्या यूएसबी डिस्कवर होता ती तेव्हाच्या एएमसीवाल्यांनी (वार्षिक देखभालीच्या कंत्राटदारांनी) त्याच टेबलाच्या खालच्या खणात लावून दिली होती, ती पण गेली. पाणी ओसरल्यावर शेठ एवढंच म्हणाले, "बेन, हवे पाणी आवे तोय बिल बंद न थवुं जोईए." म्हणजे, आता पाणी आलं तरी बिल बंद पडता कामा नये. मी पुढे जे काही निवडलं ते या एका वाक्याला धरून.

पहिला विचार सगळ्यांसारखाच, सगळं क्लाउडवर टाकू. मुंबईत ॲमेझॉनचं डेटा सेंटर क्षेत्र २०१६पासून आहे, मायक्रोसॉफ्टचं पुण्यात २०१५पासून. लांब कुठे जायचं नव्हतं. एका कंपनीकडून रीतसर कोटेशन घेतलं. विंडोज आणि एसक्यूएलच्या परवान्यासह दिवसरात्र चालणारी मोठी व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी सर्व्हर), डिस्क, बॅकअपची जागा, बाहेर जाणाऱ्या डेटाचे वेगळे पैसे, वर १८ टक्के जीएसटी. पाच वर्षांचा तक्ता मांडला तेव्हा तिसरं वर्ष संपायच्या आत भाडं दोन नव्या यंत्रांच्या किमतीपुढे जात होतं. तरी मी पैशांवरून नाही म्हटलं नाही. आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर जुन्या घडणीचं आहे. ते प्रत्येक ओळीला डेटाबेसकडे पाच-सात फेऱ्या मारतं. लॅनवर ते जाणवत नाही, मुंबईच्या सर्व्हरवरून चालवून पाहिलं तर चाळीस ओळींचं बिल रांगत होतं. रिमोट डेस्कटॉपने तो उशीर जातो, पण मग प्रत्येक बसणाऱ्यामागे आणखी एक परवाना लागतो, आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर रिमोट डेस्कटॉपवरून चालवणं काय असतं ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा. शिवाय पुरात आमच्या दोन्ही इंटरनेट लाइनी बंद होत्या. ज्या संकटासाठी एवढा खटाटोप चालला होता त्याच दिवसांत क्लाउडपर्यंत जायचा रस्ता नसता.

म्हणून वाटणी केली. मेल क्लाउडवर. बॅकअपची दुसरी प्रत क्लाउडवर. बिलिंग, टॅली आणि फाइली इथेच, पण पहिल्या मजल्यावर आणि व्हर्च्युअल.

व्हर्च्युअलसाठी समोर तीन नावं होती. व्हीएमवेअर ही कंपनी ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३मध्ये घेतल्यावर कायमचे परवाने विकणं बंद झालं, त्यांची व्हीएम चालवणारी फुकटची ईएसएक्सआय फेब्रुवारी २०२४मध्ये काढून घेतली गेली आणि एप्रिल २०२५मध्ये परत आली. सॉफ्टवेअर उत्तम आहे यात वाद नाही, पण आमच्याएवढ्या पेढीने पाच वर्षांचा बेत त्यावर बांधावा असं मला वाटलं नाही. मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही विंडोज सर्व्हरबरोबर येतंच. ज्यांचं सगळं विंडोजवर आहे आणि लिनक्सला हात लावायचा नाही त्यांनी तेच घ्यावं. प्रॉक्समॉक्स व्हिएन्नाच्या कंपनीचं, २००८पासून चालत आलेलं, डेबियन लिनक्सवर बसवलेलं आणि पूर्ण मुक्त परवान्याचं. आत केव्हीएम (लिनक्सचं स्वतःचं व्हीएम चालवायचं तंत्र) आहे, म्हणजे पाया लिनक्सच्या कर्नलचा. मी त्याकडे वळले ते त्याच्या बॅकअप सर्व्हरमुळे, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिते.

यंत्रं अशी घेतली. दोन सारखे सर्व्हर, प्रत्येकी एक सॉकेट (प्रोसेसरची एक जागा), १६ कोअर, १२८ जीबी रॅम आणि झेडएफएस या फाइल सिस्टीमच्या मिररमध्ये (दोन्हींवर तोच डेटा) दोन एंटरप्राइझ एनव्हीएमई डिस्का (वेगवान एसएसडी). डिस्कांवर पैसे वाचवू नका, हे मी हात जोडून सांगते. लाइट गेली तरी लिहिलेलं सांभाळणारा कपॅसिटर ज्यात असतो त्याच डिस्का घ्या. घरगुती एसएसडी झेडएफएसखाली फार लवकर झिजतात आणि सिंक राइटला (डिस्कवर उतरल्याची खात्री मागणाऱ्या नोंदींना) मान टाकतात. हार्डवेअर रेडवर झेडएफएस बसवू नका, कार्ड असेल तर एचबीए मोडमध्ये (डिस्का जशाच्या तशा दाखवणाऱ्या) टाका. रॅमबद्दल एक जुनी भीती ऐकू येते, की झेडएफएस निम्मी रॅम खातं. प्रॉक्समॉक्सच्या ८.१ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ते १० टक्के आणि जास्तीत जास्त १६ जीबी एवढंच धरतं, त्यामुळे ती चिंता नको.

इन्स्टॉलेशनला अर्धा तास पुरतो. वेब पान उघडतं, सगळं तिथून. नवख्याला पहिली अडचण येते ती अपडेटची. सुरुवातीला एंटरप्राइझ रिपॉझिटरी (पैसे भरणाऱ्यांसाठीचं अपडेटचं भांडार) लावलेली असते आणि सबस्क्रिप्शन नसेल तर अपडेट नकार देतं. ती बंद करून नो-सबस्क्रिप्शनची रिपॉझिटरी लावायची, ते पानावरूनच होतं.

आता स्थलांतर. यात सगळ्यात जास्त जीव गुंतला तो बिलिंगच्या सर्व्हरमध्ये. दांडिया बाजारातला एक मुलगा स्वतंत्र काम करतो, त्याला बरोबर घेतलं. शनिवारी रात्री शेवटची गाडी गेल्यावर जुन्या सर्व्हरवर डिस्क२व्हीएचडी चालवलं. मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्समधलं हे छोटं फुकट साधन चालू विंडोजची पूर्ण डिस्क एका फाइलमध्ये उतरवतं. आधी एसक्यूएलची सर्व्हिस थांबवली, म्हणजे डेटाबेस स्वच्छ मिटलेल्या अवस्थेत आला. ती फाइल नव्या यंत्रावर आयात करून व्हीएमला साटा (नेहमीच्या जोडणीची) डिस्क म्हणून जोडली आणि विंडोज उठलं.

इथे पुष्कळ जण घाई करतात. साटावर उठलंय तर लगेच व्हर्ट-आयओवर (व्हीएमसाठीच्या खास आभासी जोडणीवर) नेतात, कारण वेग त्यातच आहे. तसं केलं की निळी स्क्रीन आणि ७बीची चूक, कारण विंडोजकडे त्या डिस्कचा ड्रायव्हर नसतो. त्या मुलाने एक जीबीची रिकामी डिस्क व्हर्ट-आयओवर जोडली, मूळ डिस्क साटावरच राहू दिली, विंडोज सुरू केलं, ड्रायव्हर घातला, मग बंद करून मूळ डिस्क व्हर्ट-आयओवर नेली. पहिल्या झटक्यात उठलं. २००८ आर२ एवढं जुनं असेल तर ड्रायव्हरचा नवा आयएसओ (सीडीसारखी फाइल) चालत नाही, जुनी आवृत्ती शोधून घ्यावी लागते. ती आधीच उतरवून ठेवा, रात्री दीड वाजता शोधत बसू नका.

दुसरी गंमत नेटवर्कची. नव्या व्हर्च्युअल कार्डाला जुनाच आयपी द्यायला गेलं की विंडोज म्हणतं, हा आयपी दुसऱ्या अडॅप्टरला दिलेला आहे. तो अडॅप्टर दिसत मात्र कुठेच नाही. तो जुन्या यंत्रातला, आता अस्तित्वात नसलेला. डिव्हाइस मॅनेजरला लपलेली साधनं दाखवायला लावून ते फिकट दिसणारं कार्ड काढून टाकायचं, मग आयपी बसतो. "ताई, हे दिसलं नसतं तर सोमवारी चाळीस कॉम्प्युटरांवर जाऊन आयपी बदलायला लागला असता," असं तो म्हणाला, आणि ते खरंच आहे.

असं जुनं विंडोज जसंच्या तसं उचलून नव्या यंत्रावर ठेवणं ही फक्त पहिली पायरी. नवं यंत्र आहे म्हणून २००८ आर२ सुरक्षित होत नाही. पुढच्या टप्प्यात विंडोज सर्व्हर २०२२ची नवी व्हीएम केली, त्यात एसक्यूएल २०१९ घातलं आणि डेटाबेसचा बॅकअप तिथे रिस्टोअर केला. २००८ आर२चा बॅकअप थेट २०१९मध्ये उघडतो आणि कंपॅटिबिलिटी लेव्हल १००वर (म्हणजे २००८च्या वागण्यावर) ठेवली तर जुनं सॉफ्टवेअर कुरकुरत नाही. बिलिंगचं सॉफ्टवेअर ज्यांनी लिहिलं त्यांनी हे चालणारच नाही म्हणून सांगितलं होतं. व्हीएमची प्रत काढून एका कोपऱ्यात महिनाभर चाचणी केली, चालतंय हे त्यांना दाखवलं, मग त्यांनी मान्य केलं. प्रत्यक्ष यंत्रांच्या काळात अशी चाचणी करायला दुसरा सर्व्हर विकत आणावा लागला असता. जुनी २००८ आर२ची व्हीएम नेटवर्क तोडून ठेवली आहे, मागच्या वर्षांचं काही बघायचं तर कन्सोलवरून (प्रॉक्समॉक्सच्या पानातल्या त्या व्हीएमच्या स्क्रीनवरून) बघतो.

डोमेन कंट्रोलर मात्र असा उचलून आणू नये. नवी व्हीएम करायची, तिला दुसरा डोमेन कंट्रोलर करायचं, डोमेनचे रोल (जबाबदाऱ्या) तिकडे न्यायचे आणि जुन्याला सन्मानाने निवृत्त करायचं. डोमेन फार जुनं असेल आणि एसवायएसव्हीओएल (डोमेनचं सामाईक फोल्डर) अजून एफआरएस या जुन्या प्रत-पद्धतीवर असेल तर ते आधी नव्या डीएफएसआरवर न्या, नाहीतर २०२२ आत येणार नाही. टॅलीचं काम सोपं: जुन्या यंत्रावर लायसन्स सरेंडर करायचं, नव्या व्हीएमवर ॲक्टिव्हेट करायचं.

विंडोजच्या परवान्याबद्दल थोडं, कारण इथे पुष्कळांचा गैरसमज असतो. प्रॉक्समॉक्स फुकट वापरता येतं म्हणून आतलं विंडोज फुकट होत नाही. विंडोज सर्व्हर स्टँडर्डचा परवाना यंत्राच्या कोअरांवर मोजतात, किमान १६, आणि तेवढ्यात त्या यंत्रावर दोन व्हीएम बसतात. तिसरी हवी तर पुन्हा तेवढे कोअर. दुसऱ्या यंत्रावर त्या व्हीएम हव्या तेव्हा चालवायच्या असतील तर त्या यंत्रालाही परवाना लागतो. आमच्या खर्चात प्रॉक्समॉक्सपेक्षा हाच आकडा कितीतरी मोठा होता, आणि कोटेशन घेताना पहिल्यांदा हाच विचारायला हवा.

आता बॅकअप सर्व्हर. याबद्दल मी मनापासून लिहिणार आहे, कारण या सगळ्यात मला रात्री झोप दिली ती याने.

तो व्हीएमची डिस्क चार-चार एमबीच्या तुकड्यांत पाहतो. तुकडा आधी आलेला असेल तर पुन्हा साठवत नाही, फक्त नोंद करतो. गोडाऊनमध्ये त्याच बॅचची पेटी पुन्हा आली तर आम्ही नवा कप्पा उघडत नाही, जुन्यावरच संख्या वाढवतो, तसंच हे. परिणाम असा की आठवडाभराच्या रोजच्या प्रती, महिनाभराच्या आठवड्याच्या आणि वर्षभराच्या महिन्याच्या, एवढं सगळं ठेवूनही जागा एका प्रतीच्या थोडीच वर लागते. व्हीएम चालू असेल तोवर कोणता भाग बदलला याची खूण प्रॉक्समॉक्स ठेवतं, म्हणून रोजचा बॅकअप काही मिनिटांत उरकतो. व्हीएम बंद करून सुरू केली की ती खूण जाते आणि पुढचा बॅकअप पूर्ण डिस्क वाचतो. त्या रात्री वेळ जास्त दिसला तर घाबरू नका.

व्हीएममध्ये क्यूईएमयू गेस्ट एजंट (आतून प्रॉक्समॉक्सशी बोलणारा छोटा प्रोग्राम) घालायलाच हवा. तो असला की बॅकअप घेण्याआधी विंडोजला थांबून डिस्क नीट करायला सांगितलं जातं. नसला तर मिळते ती अचानक लाइट गेल्यासारखी प्रत. आणि डेटाबेससाठी एवढ्यावर थांबायचं नाही. एसक्यूएलचे स्वतःचे लॉग बॅकअप (झालेल्या बदलांच्या नोंदींचे) दिवसभर दर थोड्या वेळाने वेगळे घेतो. रात्रीच्या प्रतीवरून उठायचं म्हणजे दिवसभराची बिलं हरवणं, ते आम्हाला परवडत नाही.

आमचा बॅकअप सर्व्हर साध्या यंत्रावर आहे, दोन ८ टीबीच्या फिरत्या डिस्का आणि नोंदींसाठी छोट्या एसएसडी. नुसत्या फिरत्या डिस्कांवर व्हेरिफायचं (प्रती शाबूत आहेत का ते तपासायचं) काम फार रेंगाळतं, एसएसडीची जोड दिली की सुटतं. तिथून रात्री मुंबईच्या डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या सर्व्हरवर सिंक होतं. कंपनी कायद्याच्या लेखाविषयक नियमांत ऑगस्ट २०२२मध्ये बदल झाला, त्यानुसार हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप भारतातल्याच सर्व्हरवर आणि रोज ठेवावा लागतो. ऑडिटर हे विचारतात. आता मी त्यांना सिंकचा लॉग दाखवते आणि विषय संपतो.

मुंबईत जातं ते इथूनच एन्क्रिप्ट होऊन. किल्ली आमच्याकडेच असते, तिकडच्या कोणालाही आतलं दिसत नाही. पण किल्ली हरवली तर आम्हालाही दिसणार नाही. यासाठी बॅकअप सर्व्हरच्या साधनांत किल्ली कागदावर छापायची सोय आहे, क्यूआर कोडसकट. तो कागद छापून, प्लास्टिकच्या पाकिटात घालून शेठनी रावपुऱ्याच्या बँकेतल्या लॉकरात ठेवलाय, दुसरी प्रत माझ्या घरी. पुरात यंत्र बुडालं, तर या कागदाशिवाय मुंबईतल्या प्रतीचा काडीचा उपयोग नाही.

महिन्यातून एका रविवारी आम्ही रिस्टोअर करून बघतो. मी या उत्पादनाला गुण देते ते याच कामावर. बिलिंगची कालची प्रत दुसऱ्या यंत्रावर नव्या क्रमांकाने उतरवायची. 'युनिक'वर खूण करायची म्हणजे नेटवर्क कार्डाचा पत्ता नवा होतो, आणि सुरू करण्याआधी त्या कार्डापुढे 'डिस्कनेक्ट'ची खूण करायची. ही खूण राहिली तर एकाच आयपीचे दोन बिलिंग सर्व्हर लॅनवर येतात आणि कोणाचं बिल कुठे गेलं ते शोधत बसावं लागतं. मग कन्सोल उघडायचा. आमचे थोरले अकौंटंट काका शनिवारी शेवटच्या बिलाचा नंबर, पार्टीचं नाव आणि रक्कम एका चिठ्ठीवर लिहून ठेवतात. रविवारी ती चिठ्ठी घेऊन माझ्या शेजारी बसतात. स्क्रीनवर बिल उघडलं, नंबर जुळला, रक्कम जुळली, एका इन्शुलिनच्या बॅचचा शिल्लक साठा जुळला, की ते चिठ्ठीवर सही करून फाइलला लावतात. काकांना व्हीएम म्हणजे काय ते सांगता येणार नाही, पण बॅकअप खरा आहे की नाही हे आता पेढीत त्यांच्याएवढं खात्रीने कोणी सांगू शकत नाही.

घाई असेल तेव्हासाठी 'लाइव्ह रिस्टोअर' आहे. डेटा मागून येत राहतो आणि व्हीएम लगेच चालू होते. आम्ही ते चाचणीत पाहिलं, दोन-तीन मिनिटांत लॉगिनची स्क्रीन आली. फिरत्या डिस्कांवरून ती धीमी चालते, आणि मध्येच नेटवर्क तुटलं तर तोवर केलेलं काम जातं, म्हणून गरज पडली तरच. एखादीच फाइल हवी असेल तर पूर्ण व्हीएम उतरवायची गरज नाही, बॅकअपच्या आत शिरून तेवढीच उचलता येते. हा उपयोग सगळ्यात जास्त होतो. कोणी ना कोणी महिनाअखेरीस एक्सेलची शीट पुसतंच.

उणिवाही सांगते. दोन यंत्रांचं क्लस्टर (एकत्र चालणारा गट) केलं की बहुमताचा प्रश्न येतो. एक यंत्र बंद पडलं तर उरलेलं एकटं बहुमत नाही म्हणून व्हीएम सुरू करायला नकार देतं. तिसरं मत लागतं. आम्ही एका रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर क्यूडिव्हाइस (फक्त मत देणारा प्रोग्राम) बसवून ते दिलं. काम होतं, पण लहान पेढीला ही गोष्ट कोणीतरी आधी समजावून सांगायला हवी. दोन यंत्रांमधलं झेडएफएस रेप्लिकेशन (एका यंत्रावरची डिस्क दुसऱ्यावर उतरवणं) ठराविक अंतराने होतं, मूळ सेटिंग १५ मिनिटांचं. आम्ही बिलिंगसाठी ते ५वर आणलं. तरी यंत्र अचानक गेलं तर शेवटच्या पाच मिनिटांची बिलं जाऊ शकतात, शून्य नुकसान हवं असेल तर सामाईक स्टोरेजचा मोठा खर्च करावा लागेल. यूपीएसची बॅटरी संपत आली की व्हीएम क्रमाने बंद व्हाव्यात यासाठी पानावर बटण नाही, एनयूटी (यूपीएसवर नजर ठेवणारं साधन) हाताने बसवावं लागतं. आणि सबस्क्रिप्शन नसेल तर प्रत्येक लॉगिनला त्याची आठवण करून देणारी चौकट येते.

ती चौकट जावी म्हणून नव्हे, पण आम्ही सबस्क्रिप्शन घेतलं. कम्युनिटी प्रकार प्रत्येक सॉकेटमागे वर्षाला शंभर-सव्वाशे युरोंचा, त्यात तपासून घेतलेल्या अपडेटची रिपॉझिटरी मिळते, सपोर्ट तिकीट मिळत नाही. बेसिक साधारण तिप्पट, त्यात वर्षाला तीन तिकिटं. एका सॉकेटचं यंत्र घेतलं ते यासाठीही. सपोर्ट ऑस्ट्रियाच्या कामाच्या दिवसांत मिळतो, त्यांची सकाळ उजाडते तेव्हा आपली दुपार झालेली असते. आमची गर्दीची वेळ सकाळची, म्हणून खरा आधार स्थानिक माणसाचाच. ज्या औजारावर पेढी उभी आहे त्याच्या करणाऱ्यांना वर्षाचे एवढे पैसे जावेत असं शेठनाही पटलं.

कोणी घेऊ नये? ज्यांचं सॉफ्टवेअर आधीच ब्राउझरवर चालतं त्यांनी सरळ क्लाउडवर जावं, घरात यंत्र ठेवायचा हट्ट कशाला. ज्यांचे पाच-सात कॉम्प्युटर आणि एक टॅली आहे त्यांना हे फार मोठं पडेल. आणि ज्यांच्याकडे महिन्यातला एक रविवार रिस्टोअरसाठी द्यायला कोणी नाही, त्यांनी सांभाळण्याचं काम पगारी माणसाला देऊनच यात उतरावं.

आमच्याकडे सध्या प्रॉक्समॉक्सची ८ची मालिका आहे. तिचा सपोर्ट ऑगस्ट २०२६पर्यंत, आणि ९ डेबियन १३वर ऑगस्ट २०२५मध्ये आली. 'पीव्हीई८टू९' नावाची तपासणी स्क्रिप्ट चालवून बघितली, तिने दोन इशारे दिले, दोन्ही जुन्या रिपॉझिटरीचे. आधी दुसरं यंत्र रिकामं करून ते नेणार, आठवडाभर चालवणार, मग पहिलं. पावसाळ्याच्या आत हे उरकायचं ठरलंय.